डोळ्यांवरचं कापड

"कापड घेतलंस का?" बाने मला तिसऱ्यांदा विचारलं.

मी खाकी शर्टाच्या खिशातून काळा तुकडा काढून दाखवला. आयच्या जुन्या लुगड्याचा होता, धुऊन धुऊन मऊ पडलेला. बाने तो स्वतःच्या गालावर फिरवून पाहिला, मान डोलावली आणि परत माझ्या हातात दिला. मग मोगरीच्या मानेवर हात टाकून तो तिच्यासोबत माळावर उतरला. संक्रांत होऊन आठेक दिवस झाले होते. दिवस नुकता उगवत होता आणि गवतावर अजून दव होतं.

मोगरी ही आमची म्हातारी गाय, बाच्या पारधीच्या दिवसांतली. दूध ती नावालाच द्यायची, पण तिच्याइतकी शिकलेली गाय आसपासच्या कुठल्याच वस्तीत नव्हती. आम्ही पारधी. गायीच्या आडून पारध करायची ही आमच्या घराण्याची रीत. माळावरचं पाखरू माणूस दिसला की लांबूनच उठतं, पण गायीला ते मोजत नाही. गाय चरत चरत जाते आणि तिच्या पलीकडून वाकून माणूस जातो. पाखराच्या वाटेवर तो फासांची ओळ मांडतो, लांबून वळसा घालून पाखराच्या मागे जातो, आणि गायीला पुन्हा चरत चरत पुढे आणतो. पाखरू उडत नाही. गाय अंगावर येतेय म्हणून चार पावलं सरकतं, मग आणखी चार, आणि फासात पाय देतं. घाई करायची नाही, एवढंच त्यातलं कसब. ते मला कधीच जमलं नाही.

तशी बाने पारध सोडून दहा वर्षं झाली होती. मला आश्रमशाळेत आठवीला घातलं, त्या दिवशी त्याने फासांचं गाठोडं मुख्याध्यापकांच्या समोर नेऊन जाळलं आणि देवीची आण घेतली. त्यांनी ते करायला सांगितलं नव्हतं. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की माझ्या दाखल्यावर जात लागली आहे ती लागली, धंदा लागायला नको. मी मॅट्रिक झालो, वन खात्यात रोजंदारीवर वनमजूर म्हणून लागलो. रोपांना पाणी घालायचं, वणवा विझवायचा, साहेबांच्या गाडीमागे पळायचं. सहा-सात वर्षं हेच केलं. खाकी शर्ट होता, पण तोही जगदाळे गार्डने दिलेला जुना. वनरक्षकाच्या कायम नेमणुकीसाठी माझं नाव वर पाठवायचं की नाही, हे रेंजरसाहेबांच्या हातात होतं.

रेंजर म्हणजे अंबर्डेकर साहेब. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकून कुणाचा गैरसमज व्हायचा. माळढोकापायी वेडा झालेला माणूस होता तो. आमच्या माळावर तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके माळढोक उरले होते. उन्हाळा लागला की ते कुठे जातात, कुणालाच ठाऊक नव्हतं. एका मादीच्या पाठीवर रेडिओचं छोटं यंत्र बसवलं की ती कुठे जाते ते कळेल, आणि ती जमीन वाचवता येईल, असं त्यांच्या मनात होतं. त्यासाठी पाखरू जिवंत धरायला हवं. शहरातले जाणकार दोन वर्षं जाळी घेऊन आले आणि हात हलवत परत गेले. तेव्हा अंबर्डेकरांनी वरच्यांशी भांडून एक गोष्ट मान्य करून घेतली, जी त्याआधी आमच्या भागात कुणी केली नव्हती. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या पाखरं धरली त्यांनाच बोलवा, असं ते म्हणाले. आणि ते आमच्या वस्तीवर आले.

वस्तीवर सरकारी गाडी म्हणजे पोलिसांची, हे आमच्या लेकराबाळांना पाठ होतं. गाडी दिसली तशी निम्मी वस्ती उसात पसार झाली. बा मात्र खाटेवर बसून राहिला. साहेब त्याच्याशेजारी बसले, चहा प्यायले, माझं कौतुक केलं. एरवी आमच्या बापाला सगळे गुलब्या म्हणायचे. साहेबांना काम होतं, म्हणून त्या दिवशी तो गुलाबराव झाला.

"फासे आहेत ना, गुलाबराव?" त्यांनी विचारलं.

बाने हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाला, "साहेब, हायेत म्हणलं तर गुन्हा. न्हाईत म्हणलं तर तुमचं काम व्हत न्हाई. मी काय म्हणू ते तुमीच सांगा."

साहेब हसले. त्यांनी परवानगीचा कागद काढून माझ्याकडे दिला आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. पक्षी धरायचा तो अधिकाऱ्याच्या हुकमानेच आणि जनावरांचा डॉक्टर जागेवर हजर असतानाच, असं त्यात लिहिलं होतं. डॉक्टरची अट बाला आवडली. त्यावर त्याने स्वतःच्याही अटी घातल्या. पाखरू हातात आलं की आधी डोळे झाकायचे. कुणी बोलायचं नाही. आणि एक विडी ओढून होईल एवढ्या वेळात सोडून द्यायचं. लांब पायाचं पाखरू हातात मरतं, तो म्हणाला, ते मार बसून नाही, भ्यानं मरतं. साहेबांनी हे सगळं डायरीत लिहून घेतलं. ती डायरी मला नंतर पुष्कळदा आठवली.

ते गेल्यावर बा माझ्यावर उखडला. त्याला हे काम नको होतं. लोकांनी एकदा हातात फास बघितला की पुन्हा तो हात त्यांना रिकामा दिसत नाही, असं तो म्हणाला. मी त्याला नोकरीचं सांगितलं. आणखी किती वर्षं दुसऱ्याचा शर्ट घालू, असं विचारलं. ते त्याला लागलं. दुसऱ्या दिवशी तो पाच मैल चालत गेला आणि लग्नातल्या वरातीच्या घोड्याच्या शेपटीचे केस मागून आणले. चार दिवस बसून अकरा फासे वळले. पाखराच्या पायाला काचू नये म्हणून प्रत्येकावर कापसाचं सूत गुंडाळलं. दहा वर्षांनी त्याची बोटं त्या कामाला लागली होती आणि तो आयला ऐकू जाईल इतपत गुणगुणत होता. मी ते बघून खूश झालो. आण मोडल्याचं त्याला काय वाटतंय, हे मी विचारलं नाही.

तर त्या सकाळी तो मोगरीला घेऊन नुसता माळावर फिरून येणार होता. पाखराला गायीची ओळख पडावी म्हणून. डॉक्टर आणि मोठे साहेब आठ वाजता जीपने येणार होते, यंत्रही त्यांच्याच जीपमध्ये होतं. फास त्यानंतर लागायचे. मी, अंबर्डेकर साहेब आणि जगदाळे गार्ड बाभळीच्या आडोशाला दुर्बीण घेऊन बसलो होतो. आणि सव्वासातला ती आली. एकटीच. गवतातून मान वर काढून, एकेक पाऊल मोजत, आमच्यापासून दीडएकशे पावलांवर.

दोन वर्षांत ती इतक्या जवळ आली नव्हती. बा वळसा घालून आमच्याकडे परत आला, तर साहेब त्याला म्हणाले, फास लाव.

"डाक्टर आलं का?" बाने विचारलं.

निघालेत, वाटेत आहेत, पोचतीलच, साहेब म्हणाले. बाने डोकं हलवलं. कागदात काय लिहिलंय ते त्याने माझ्याकडूनच ऐकलं होतं, आणि ते त्याच्या ध्यानात होतं. डॉक्टर आल्याशिवाय फास नाही. ती उद्या येईल, परवा येईल, माळ काही पळून जात नाही. साहेब त्याला समजावत होते, पण नजर त्यांची माझ्यावर होती. ते रागावले नव्हते. फक्त थांबले होते, मी काय करतो ते बघत. एका बाजूला बाप होता, दुसऱ्या बाजूला माझ्या नेमणुकीचा कागद.

"लाव बा," मी म्हणालो. "साहेबांचाच हुकूम हाय. हुकूम असल्यावर काय भ्यायचं?"

बाने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग धोतराच्या ओच्यातून फासे काढले.

पुढचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही, कारण माझा बाप कोण आहे ते मला त्या अर्ध्या तासात दिसलं. मोगरी चरत होती आणि तिच्या पोटाआडून बा सरकत होता. त्याची पाठ गायीच्या पाठीच्या रेषेबाहेर एकदाही आली नाही. तो खाली वाकला की ती थांबायची, उठला की चालायची. त्याने ओळ मांडली, लांबून फिरून मागे गेला, आणि गाय परत पुढे यायला लागली. मादीने मान वळवून पाहिलं आणि कीटक टिपत चार पावलं पुढे गेली. मोगरी थांबली. मग पुन्हा चार पावलं. अंबर्डेकर साहेब तोंडावर हात ठेवून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मलाही रडू येत होतं, अभिमानानं.

तिने फासात पाय दिला. पंख फडफडले तोवर बा तिच्याजवळ पोचला होता. त्याने पंख अंगाशी दाबून धरले आणि दुसरा हात माझ्याकडे केला. मी धावत जाऊन कापड दिलं. त्याने तिचं डोकं झाकलं आणि ती लगेच निवली. पायातला फास त्याने दाताने सोडवला. पायावर ओरखडासुद्धा नव्हता.

साहेब नाचायचेच बाकी होते. त्यांनी जगदाळेंच्या हातातला वायरलेस घेतला आणि मोठ्या साहेबांना कळवून टाकलं, पक्षी हातात आहे. पलीकडून उत्तर आलं, की जीप ओढ्याच्या वाळूत रुतली आहे, निघायला अर्धा तास तरी लागेल.

"सोडा तिला," बा म्हणाला.

साहेब म्हणाले, अर्धा तासच तर आहे. यंत्र आल्याशिवाय कशी सोडायची? पुन्हा कधी सापडेल?

"पुन्हा मी धरून दीन. पर आता सोडा. विडीभर म्हणलं व्हतं, साहेब."

साहेबांनी ऐकलं नाही. बा पाखरू मांडीवर घेऊन बाभळीच्या सावलीत बसला. त्याने तिच्या छातीखाली हात सारला होता आणि तो तिच्या काळजाचे ठोके मोजत असावा. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. त्या सावलीत त्याच्याइतकंच अडकलेलं दुसरं कोणी असेल तर ते त्याच्या मांडीवर होतं. तो तिला सोडून देऊ शकत होता. हात उघडायचा, एवढंच. पण हात उघडला तर माझी नोकरी गेली, हे त्याला कळत होतं, आणि म्हणून तो ती धरून बसला.

पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. साहेबांनी कॅमेरा काढला. मोठे साहेब येण्याआधी एक चांगला फोटो हवा, म्हणाले. वर्तमानपत्रात जाईल, मुंबईत जाईल, लोकांना कळेल की पारधी आणि खातं मिळून काय करू शकतात. बाने मान वळवली. तेव्हा साहेब म्हणाले, "गुलाबराव, तुम्ही जरा बाजूला व्हा. फोटोत खात्याचा माणूस हवा. रेवण, तू घे पक्षी."

बाने मला बसवलं, ती माझ्या मांडीवर ठेवली, माझे हात तिच्या पंखांवर नीट लावून दिले. "घट्ट न्हाई," तो म्हणाला. "आन् कापड काढू नको." तो मोगरीला पाणी दाखवायला वळला. पाखरू चांगलं जड होतं. कापडाखालून मला त्याची धडधड लागत होती.

साहेबांनी एक फोटो काढला. मग कॅमेऱ्यामागून म्हणाले, "चेहरा दिसत नाही. रेवण, क्षणभर कापड काढ बघू."

मी काढलं.

तिने मान वर केली. तिचा डोळा माझ्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर होता. तिने मला पाहिलं, कॅमेरा पाहिला, साहेबांना पाहिलं. तिच्या सगळ्या अंगातून एक कळ गेली, चोच उघडली, आणि मान माझ्या कोपरावर आडवी पडली. मला वाटलं, दमली. साहेबांनी आणखी एक फोटो काढला. त्यांनाही तसंच वाटलं असावं.

बा आला. त्याने तिच्या पंखाखाली हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग माझ्या बोटांतून कापड काढून घेतलं आणि पुन्हा तिचे डोळे झाकले. लांब ओढ्याच्या अंगाला धुळीचा लोट दिसायला लागला होता. जीप निघाली होती.

साहेब खाली बसले. तो माणूस खरोखर रडत होता, आणि मला त्याची दया येत होती, हे लपवून काय करू? पण रडता रडता त्याचं डोकं चालायला लागलं होतं. पाखरू हातात आहे, हे वायरलेसवर सांगून झालं होतं, तेव्हा पुरून टाकायची सोय नव्हती. डॉक्टर नसताना धरलं, हे कागदाच्या विरुद्ध होतं. त्यांची नोकरी गेली असती. साहेब जगदाळेंना बाजूला घेऊन कुजबुजले. मग माझ्याकडे येऊन म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे, गाडीतून पंचनाम्याचे कागद आण.

मी आणले. त्यांनी काय लिहायचं ते लगेच सांगितलं नाही. हुकूम नसताना फास लागले हे फार वाईट झालं, एवढंच म्हणाले. हुकूम नसताना, हे दोनदा म्हणाले. डायरीतल्या अटी, बाभळीखालचं बोलणं, सगळं त्या दोन शब्दांनी पुसून गेलं. जगदाळे दुसरीकडे बघत होता.

मला उशिरा कळलं. बाला आधीच कळलं होतं. सबंध आयुष्य संशयित म्हणून पोलीस ठाण्यात बसून काढलेला माणूस तो, कोण कधी काय लिहून घेणार हे त्याला वासावरून समजायचं. तो साहेबांसमोर येऊन उभा राहिला.

"साहेब, पोराचं नाव येतंय का त्येच्यात?"

"नाही," साहेब म्हणाले. त्यांना त्याच्याकडे बघवत नव्हतं. "लिहिणारा म्हणून येईल. तेवढंच."

"आन् त्येच्या नेमणुकीचं?"

"ते मी बघतो. शब्द देतो, गुलाबराव. तुमचंही बघतो. दंड होईल, सुटाल."

"मग लिवा. मी हुकमाबिगर फास लावलं. पाखरू माझ्या हातात मेलं."

"बा, ते माझ्या..." मी म्हणालो.

तो आमच्या बोलीत माझ्यावर ओरडला. इतरांना कळू नये म्हणून आमच्या बोलीत. "गप ऱ्हा. तुझ्या हातात पेन हाय, तेवढंच धर."

मी पेन धरलं. मोठ्या साहेबांची जीप येईस्तोवर पंचनामा लिहून झाला होता. आरोपी गुलाब सावळ्या काळे, जात पारधी, धंदा शिकार. माझ्या दाखल्यावर जो शब्द लागू नये म्हणून त्याने दहा वर्षांपूर्वी फासे जाळले, तो मी स्वतःच्या हाताने त्याच्या नावापुढे लिहिला. खाली जप्त मुद्देमाल: मृत माळढोक मादी एक, घोड्याच्या केसांचे फासे नग अकरा, काळे कापड एक, शिकारीसाठी वापरलेली गाय एक. बाने अंगठा दिला. शाई पुसायला त्याने कापड शोधलं, पण ते मुद्देमालात गेलं होतं, म्हणून त्याने अंगठा गवतावर पुसला.

गायीचं काय करायचं, कुणालाच ठाऊक नव्हतं. मुद्देमाल कुलपात ठेवतात, गाय कुठे ठेवणार? शेवटी तिला रेंज ऑफिसच्या मागे बांधली आणि तिला चारापाणी करायचं काम मला लागलं. आरोपीची गाय, आरोपीचा मुलगा आणि सरकारी वैरण. लोक हसायचे. मीही एकदोनदा हसलो असेन. मोगरी मात्र मी गेलो की माझ्या मागे बघायची, बा येतोय का ते. दुसऱ्या पावसाळ्यात ती तिथेच मेली, आणि त्याचाही पंचनामा मीच लिहिला.

अंबर्डेकरांनी शब्द पाळला. त्याच दिवाळीला माझी नेमणूक आली. बाचंही त्यांनी बघितलं असावं, पण माळढोक मारल्याच्या गुन्ह्यात बघण्यासारखं फारसं नसतं. जामीन झाला, मग तारखा सुरू झाल्या. पारध्यांना बोलवायचं धोरण तिथेच बंद पडलं. ज्यांना ते पहिल्यापासून नको होतं त्यांना आयतं कोलीत मिळालं, की बघा, या लोकांवर विश्वास टाकला की असं होतं. आमच्या माळावरचे माळढोक कुठे जातात, ते त्यानंतर कुणाला कळलं नाही. आता कळून उपयोगही नाही. मी निवृत्त व्हायच्या आधीची सात वर्षं तिथे एकही दिसला नाही.

अंबर्डेकर पुढे मोठ्या जागेवर गेले. एकदा वनरक्षकांच्या शिबिरात ते शिकवायला आले होते. जखमी पक्षी कसा हाताळायचा, या विषयावर. त्यांनी फळ्यावर लिहिलं: एक, सर्वप्रथम डोळे झाकावेत. दोन, पूर्ण शांतता. तीन, शक्य तितक्या कमी वेळात सोडावे. पोरं वहीत उतरवून घेत होती. मी मागच्या बाकावर होतो. त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि खडू हातातून पडला. तो त्यांनी उचलला आणि पुढे शिकवत राहिले. आता त्या सूचना छापील मिळतात, प्रत्येक रेंज ऑफिसात भिंतीला लावलेल्या असतात. खाली कुणाचं नाव नाही.

पण हे सगळं सांगायला मी बसलो ते कोर्टातल्या एका मिनिटासाठी.

खटला उभा राहायला सहा वर्षं लागली. पंचनामा लिहिणारा म्हणून मला साक्षीला बोलावलं. त्या दिवशी सकाळी मी बायकोला सांगून निघालो होतो, की आज काय ते खरं सांगणार, नोकरी जाईल, तू तयारी ठेव. तिने माझ्या खाकीला इस्त्री करून दिली होती आणि बरं म्हणाली होती. मला फार हलकं वाटत होतं. कोर्टाच्या दारात बा भेटला. सहा वर्षांत तो वाळून गेला होता. मी त्याला काही बोललो नाही, पण त्याने माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. पाखरू उठणार की बसणार, हे त्याला मानेवरून कळायचं.

माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो. समोर आरोपीच्या पिंजऱ्यात बा, माझ्यापासून पाचसहा हातांवर. सरकारी वकिलाने तो पिवळा पडलेला कागद माझ्यासमोर धरला आणि विचारलं, हे अक्षर कोणाचं? मी घसा साफ केला. सांगायचं ते सगळं जिभेवर आलं होतं. वीस मिनिटं, कॅमेरा, कापड. आणि त्याच वेळी मला एकदम भीती वाटली. माझे हात थरथरायला लागले, छाती धडधडायला लागली, इतकी की मला ती कानात ऐकू येत होती. मी बाकडे पाहिलं.

तो माझ्याकडेच बघत होता. माझे हात त्याने पाहिले. मग त्याने खांद्यावरचा पटका काढला, दोन्ही हातांनी आपल्या डोळ्यांवर ओढून घेतला आणि तसाच उभा राहिला. न्यायाधीशांना वाटलं, म्हाताऱ्याला खिडकीतलं ऊन लागतंय. त्यांनी शिपायाला पडदा ओढायला सांगितलं.

भ्यालेल्या जिवाचे डोळे झाकायचे असतात. माझ्यापर्यंत त्याचा हात पोचत नव्हता, म्हणून त्याने स्वतःचे झाकले.

वकिलाने पुन्हा विचारलं, अक्षर कोणाचं?

"माझं," मी म्हणालो.

"आणखी काही सांगायचंय?"

"नाही साहेब."

मी खाली उतरलो. पोलिसाने बाचा दंड धरून त्याला पिंजऱ्याबाहेर आणलं, तरी त्याने पटका काढला नव्हता.